गॅसची वाट बदलताना जुन्या नळीचा बंदोबस्त

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव पुणे-अहिल्यानगर महामार्गावर वसलेले आहे. एका अंगाला कोरडवाहू, मुरमाड शेती आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, अशी या परिसराची आजची ठेवण आहे. पाऊस बेताचा असल्यामुळे शेतीच्या जोडीला दावणीला दुभती जनावरे बाळगणे येथील शेतकऱ्यांस हितावह वाटत आले आहे. जनावरे आली की शेण आले, आणि शेण आले की ते गोवऱ्या थापून जाळण्यापेक्षा त्याचा गॅस करून चूल पेटवावी व उरलेला शेणकाला शेताला द्यावा, हा विचार ओघानेच आला. याच तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे ग्रामविकासाचे जे काम झाले, त्यात गोबर गॅस संयंत्रांनाही स्थान होते, हे सर्वश्रुत आहे.

अलीकडे या भागातील घरांचे रूप पालटत आहे. दगडमातीच्या भिंती व वर पत्रा अशा घराशेजारी विटा-सिमेंटचे, स्लॅबचे घर उभे राहते. गोठ्यालगतचे जुने स्वयंपाकघर मागे पडते आणि नव्या घरात ओटा बांधला जातो. अर्थातच गॅसही नव्या ओट्यापर्यंत न्यावा लागतो. नवी नळी कोठून न्यावी, किती फूट लागेल, खर्च किती येईल, याचा विचार घरातील सर्व मंडळी मिळून करतात. परंतु जी नळी आता लागणार नाही तिचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. ती भिंतीला तशीच राहते; कधी तिच्यावर गिलावा चढतो, कधी ती अंगणातील मुरमाखाली गाडली जाते. नव्या नळीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, लक्ष या जुन्या नळीकडे देणे का अगत्याचे आहे आणि ते कसे द्यावे, याचा विचार येथे केला आहे.

जुन्या नळ्यांचा वारसा

महाराष्ट्राला या गॅसची ओळख जुनी आहे. १८९७ साली मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणाऱ्या गॅसवर दिवे लावण्यात आले होते. शेणावर चालणाऱ्या संयंत्राला घरगुती रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने जशभाई पटेल यांना जाते. त्यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६१-६२ पासून या पद्धतीचा प्रसार हाती घेतला. पुढे १९७८ मध्ये स्थिर घुमटाचे ‘जनता’ आणि १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ ही संयंत्रे आली. १९८१-८२ मध्ये केंद्र शासनाचा राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाल्यावर खेडोपाडी संयंत्रांचे बांधकाम झाले. पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी संडास जोडलेल्या संयंत्रांचा पुरस्कार केला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, त्या काळात ज्या घरी संयंत्र बसले, त्यांपैकी अनेक घरी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या घातल्या गेल्या. त्यांचे वय आता तीस-चाळीस वर्षांचे झाले आहे. शिवाय त्या काळी गॅस केवळ चुलीसाठी नव्हता. कित्येक घरी बैठकीच्या खोलीत जाळीचा गॅसदिवा टांगलेला असे. कोठे इंजिनासाठीही फाटा काढलेला असे. घरात वीज आली, दिवा उतरवला गेला, इंजिन विकले गेले. पण त्यांचे फाटे भिंतीतच राहिले. ज्यांनी ते घातले ती वडीलधारी माणसे आज हयात नसतात आणि फाट्याची आठवण त्यांच्याबरोबरच जाते. सबब, एकाच घरात बिनवापराच्या दोन-तीन नळ्या असणे मुळीच नवलाचे नाही.

तोटी बंद म्हणजे नळी बंद नव्हे

‘तोटी बंद केली आहे, आता काय व्हायचे?’ हे वाक्य अशा घरी हमखास ऐकावयास मिळते. सर्व घोटाळ्याचे मूळ या समजुतीत आहे.

नळी वापरातून गेली म्हणून ती निकामी झाली असे होत नाही. जोवर तिचे एक टोक संयंत्राशी जोडलेले आहे तोवर तिच्यात गॅस भरलेला असतो, आणि चालू चुलीच्या नळीवर जेवढा दाब असतो तेवढाच दाब तिच्यावरही रात्रंदिवस असतो. फरक इतकाच की, चालू नळीकडे घरच्या बाईचे लक्ष दिवसातून दोन-चार वेळा जाते. बिनवापराच्या नळीकडे वर्षानुवर्षे कोणाचेच जात नाही.

अशा स्थितीत नळी आतून खात राहते. गोबर गॅसमध्ये साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन व ३० ते ४० टक्के कर्बद्विप्राणील वायू असतो. त्याखेरीज पाण्याची वाफ आणि अल्प प्रमाणात गंधकयुक्त वायू असतो, त्याला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. रात्री नळी थंड झाली की वाफेचे पाणी होते. चालू नळीला उतार दिलेला असल्याने हे पाणी पाणसापळ्यात उतरते आणि तेथून काढून टाकता येते. बंद फाट्यातील पाण्याला मात्र बहुधा वाट नसते. ते तेथेच साचते, त्यात गंधकवायू विरघळतो आणि हे आंबूस पाणी लोखंडाला व पितळी तोटीच्या बैठकीला कुरतडू लागते. वरून रंग शाबूत, आतून चाळण, अशी नळीची अवस्था होते. म्हणून केवळ तोटीवर विसंबणे घातक होय. तोटी ही गॅस कमी-जास्त करण्यासाठी व क्षणभर थांबवण्यासाठी असते, कायमची भिंत म्हणून नव्हे. शिवाय ती एखादे मूल खेळता खेळता फिरवू शकते, हा धोका वेगळाच.

थोडा हिशेब

धोक्याचे स्वरूप आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. एक इंची व्यासाच्या ३० मीटर लांब नळीत सुमारे १५ लिटर गॅस मावतो. नळी संयंत्रापासून तोडली असेल तर तिच्यात उरलेला गॅस एवढाच. तोही हवा मारून काढून टाकला की भीती संपली. परंतु नळी संयंत्राला जोडलेली असेल, तर तिच्या मागे रोजचा सगळा गॅस उभा असतो. दोन घनमीटर क्षमतेच्या घरगुती संयंत्रात दिवसाला सुमारे ५० किलो ताजे शेण घातले असता २,००० लिटर गॅस मिळतो. म्हणजे एका बाजूला एकदाचे १५ लिटर आणि दुसऱ्या बाजूला दररोजचे २,००० लिटर, असा हा फरक आहे. नळी तोडणे व तोटी बंद करणे यांत अंतर आहे ते हेच.

हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने भडका उडतो. ६० टक्के मिथेन असलेल्या गोबर गॅसच्या बाबतीत ही मर्यादा हवेत सुमारे ८ ते ९ टक्के गॅस मिसळला की सुरू होते. संपूर्ण खोली इतकी भरण्यास वेळ लागेल. पण भिंतीतील कपाट, ओट्याखालचा बंद कप्पा किंवा माळ्याचा कोपरा भरण्यास वेळ लागत नाही. अर्ध्या घनमीटरच्या कपाटाला अवघे ४० ते ४५ लिटर पुरेत. एवढा गॅस एका लहानशा भोकातून रात्रभरात सहज येऊ शकतो.

गळती हा केवळ जिवाचा प्रश्न नाही, तो संसाराच्या हिशेबाचाही आहे. दोन घनमीटर गोबर गॅस चुलीला सुमारे ९०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतका कामास येतो. जुन्या फाट्यातून गॅस निसटत असेल, तर घरधनिणीला ‘हल्ली गॅस पुरत नाही’ असे वाटते आणि दोष शेणाला किंवा थंडीला दिला जातो.

नव्या घरात धोका अधिक का

समजा, सुप्याच्या परिसरातील एखाद्या कुटुंबाने गोठ्याच्या पुढील बाजूस नवे घर बांधले. जुने स्वयंपाकघर मोकळे झाले. त्याला नवी खिडकी बसवून, भिंतींना गिलावा करून तेथे मुलांच्या अभ्यासाची खोली केली. जुन्या शेगडीची नळी भिंतीतून वीतभर बाहेर आली होती, ती कापडाचा बोळा कोंबून कपाटाआड गेली. संयंत्राजवळच्या सांध्यातून एक नळी नव्या ओट्याकडे व दुसरी या खोलीकडे, अशी रचना कायम राहिली.

पूर्वी त्याच जागी अशीच गळती असती, तरी पत्र्याच्या फटी, धुराडे व उघडे दार यांतून गॅस निघून गेला असता. ज्या गोष्टींना घरातील मंडळी घराची उणीव समजत होती, त्याच गोष्टी नकळत त्यांचे रक्षण करीत होत्या. स्लॅबची, काचेच्या खिडक्यांची, रात्री दार लावून घेतलेली खोली आलेला गॅस धरून ठेवते. त्याच खोलीत विजेचे बटण असते, पंखा असतो, भ्रमणध्वनी भारित करण्याची जागा असते. बटण दाबताना उडणारी बारीक ठिणगीही भडक्यास पुरते.

वास येईल म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही. गोबर गॅसला वास येतो तो त्यातील गंधकवायूमुळे. परंतु थोड्या वासाची नाकाला सवय होते, आणि गंधकवायू फार वाढला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. गोठ्याशेजारच्या घरात तर हा वास शेणाच्या वासात मिसळून जातो. म्हणून नाकापेक्षा साबणाच्या पाण्यावर विश्वास ठेवावा.

काम कोणत्या क्रमाने करावे

गोबर गॅसची नळी बदलण्याचे काम नळकामाची माहिती असलेल्या कारागिराकडून, शक्य तर संयंत्र बांधणाऱ्या प्रशिक्षित गवंड्याच्या सल्ल्याने करून घ्यावे. घरमालकाने मात्र पुढील क्रम स्वतः समजून घेऊन तो पाळला जातो की नाही हे पाहावे.

पहिली गोष्ट, नळीचा नकाशा. संयंत्रापासून निघून नळी कोठे जाते, कोठे वळते, कोठे फाटा फुटतो, हे पायी फिरून पाहावे व वहीच्या पानावर काढावे. घरातील वृद्ध माणसांना दिवा कोठे होता, इंजिन कोठे होते, हे आवर्जून विचारावे. आजीची आठवण या कामी कारागिराच्या पान्ह्याइतकीच उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, गॅस थांबवणे. संयंत्राजवळची मुख्य तोटी बंद करावी. नळीतील उरलेला गॅस शेगडीवर जळू द्यावा. ज्योत आपोआप विझली की शेगडीची तोटी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. या क्षणापासून काम संपेपर्यंत परिसरात विडी, काडी, चूल वा दिवा पेटवू नये. कारागिरालाही ठिणग्या उडवणारे कापणी यंत्र किंवा वेल्डिंग वापरू देऊ नये; शक्यतो सांधा पान्ह्याने सोडवावा आणि कापणे भागच असेल तर हातकरवत वापरावी.

तिसरी गोष्ट, मुळाशी तोडणे. हे सर्वांत महत्त्वाचे होय. जुना फाटा जेथे मुख्य नळीपासून फुटतो त्या सांध्यापाशीच तो अलग करावा. घरातील टोकाला बूच मारून समाधान मानू नये. तिहेरी सांधा पूर्ण काढून त्या जागी सरळ सांधा बसवता आला तर उत्तम. मग फाटा फुटण्याची जागाच उरत नाही. तिहेरी सांधा ठेवावाच लागला, तर त्याच्या मोकळ्या तोंडाला आट्यांचे धातूचे बूच, गॅसला योग्य असा लेप किंवा फीत लावून, घट्ट बसवावे. कापडाचा बोळा, लाकडी खुंटी, कणसाचे बुरकुंड, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, नळी ठोकून चपटी करणे, हे सर्व प्रकार वर्ज्य मानावेत. ते उन्हाने सुकतात, उंदीर कुरतडतात किंवा दाबाने निसटतात.

चौथी गोष्ट, नव्या नळीचा उतार. नवी नळी पाणसापळ्याकडे दर १०० फुटांस एक फूट याप्रमाणे उतरती असावी. वाट बदलली की सर्वांत सखल जागाही बदलते. जुना पाणसापळा तेथेच ठेवून नवी नळी दुसरीकडे वळवली, तर पाणी नळीच्या पोटात साचून ज्योत फडफडू लागते. म्हणून नव्या सखल जागी नवा पाणसापळा बसवावा. नव्या स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी, घराबाहेर हाताला येईल अशी एक तोटी अवश्य असावी.

पाचवी गोष्ट, परीक्षा. मुख्य तोटी उघडून प्रत्येक सांध्यावर, आणि विशेषेकरून नव्या बुचावर, साबणाचा दाट फेस लावावा. बुडबुडा फुगला की तेथे गळती आहे असे समजावे. काडी पेटवून गळती शोधण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती आगीला आमंत्रण देणारी आहे. यानंतर दाबाची परीक्षा घ्यावी. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी घालावे. तिचे एक टोक शेगडीच्या नळीला जोडून दुसरे उघडे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्यातील उंचीचा फरक हा गॅसचा दाब होय. तरंगत्या टाकीच्या संयंत्रात तो साधारणतः १० सेंटिमीटर असतो. आता मुख्य तोटी बंद करून १५ मिनिटे पाहावे. पाण्याची पातळी जागची हलली नाही तर नळकाम निर्दोष आहे. ही परीक्षा ऊन नळीवर नसताना, सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावी. नळीतील गॅस एका अंशाने जरी तापला वा निवला, तरी पाणी तीन-साडेतीन सेंटिमीटर चढते वा उतरते, आणि पाहणाऱ्याची फसगत होते.

सहावी गोष्ट, जुनी नळी खरोखर तुटली आहे याची खात्री. जुन्या टोकाला रबरी नळी लावून ती खिडकीबाहेर न्यावी व तिचे तोंड पाण्याच्या तांब्यात बोटाच्या एका पेराइतके बुडवावे. मग जुनी तोटी व मुख्य तोटी दोन्ही उघडाव्यात. बुडबुडे मुळीच आले नाहीत तर संबंध तुटला आहे. बुडबुडे येत राहिले, तर भिंतीत वा जमिनीत कोठे तरी दुसरा फाटा आहे हे निश्चित. मग मुख्य तोटी तत्काळ बंद करून तो शोधल्याखेरीज पुढे जाऊ नये.

शेवटी नवी शेगडी पेटवताना घाई करू नये. नव्या नळीत प्रथम हवा असते आणि सुरुवातीला गॅस व हवा यांचे मिश्रणच बाहेर येते. दारे-खिडक्या उघड्या ठेवून, शेगडीला लावावयाच्या रबरी नळीचे तोंड घराबाहेर नेऊन, हे मिश्रण निघून जाऊ द्यावे आणि मगच शेगडी जोडून काडी लावावी.

तोडलेल्या नळीचे काय करावे

जी नळी उघड्यावर आहे ती काढूनच टाकावी. भिंतीत किंवा जमिनीत असलेली नळी काढताना बांधकामाची मोडतोड होणार असेल, तर ती जागीच ठेवता येते. मात्र ती रिकामी व बंद करून ठेवावी. घरातील टोकाकडून पायपंपाने हवा मारून आतील गॅस संयंत्राच्या बाजूला, मोकळ्या जागी, बाहेर काढावा. तोंडाने फुंकू नये किंवा ओढू नये. आतील पाणी निथळू द्यावे. त्यानंतर दोन्ही टोकांना आट्यांच्या टोप्या बसवाव्यात. एक टोक उघडे राहिले तर तीच नळी बाहेरचा गॅस, पाणी व किडेमुंग्या घरात आणणारा बोगदा होते. नळी काढल्यावर भिंतीत राहिलेले भोकही सिमेंटने भरून घ्यावे.

बंद ठेवलेल्या नळीच्या दोन्ही टोकांवर रंगाने ‘बंद’ असे लिहून तारीख घालावी आणि तीच नोंद वहीतील नकाशावर करावी. पुढे कोणी भिंतीत खिळा ठोकील, विजेची तार नेईल किंवा विंधनयंत्र चालवील, तेव्हा ही नोंद त्याच्या उपयोगी पडेल. अशा नळीला विजेची भूतार जोडू नये आणि जनावराचे दावे बांधू नये. ती काढून पिण्याच्या पाण्यासाठीही वापरू नये, कारण तिच्या आतील गंधकाचा गंज पाण्यात उतरतो.

संयंत्रच कायमचे बंद करावयाचे असेल, तर जाणकारास बोलवावे. पाचक टाकीत कोणीही, कितीही रिकामी दिसली तरी, उतरू नये. आत प्राणवायू नसतो; उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो आणि त्याला काढण्यास गेलेला दुसराही त्याच्याबरोबर प्राणास मुकतो.

सिलिंडर व नळाने येणारा गॅस

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांतील कितीतरी नव्या घरांत सिलिंडर पोहोचला. त्यामुळे गोबर गॅसची शेगडी मागे पडली, पण नळी भिंतीवर राहिली, असेही घडते. मग तयार नळी वाया का घालवावी, असा विचार करून सिलिंडर अंगणात ठेवून त्याच जुन्या नळीने गॅस आत आणण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. सिलिंडरच्या नियंत्रकातून येणारा दाब सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे तरंगत्या टाकीच्या तिप्पट असतो. आतून गंजलेली नळी व तिचे जुने सांधे त्यास टिकतीलच असे नाही. शिवाय गोबर गॅस हवेपेक्षा किंचित हलका असून हळूहळू विरतो, तर सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत, मोरीत, तळघरात साचून राहतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेऊ शकतो. दोन्ही गॅसच्या शेगड्यांची छिद्रेही निराळी असतात. म्हणून एकाची नळी दुसऱ्याला व एकाची शेगडी दुसऱ्याला कधीही जोडू नये.

सिलिंडरच्या कायम बसवलेल्या नळ्यांत बदल करावयाचा असेल, तर तो वितरकाच्या कारागिराकडूनच करून घ्यावा आणि बिनवापराचा फाटा त्याच्याकडूनच मुळाशी बंद करून घ्यावा. मुंबई-पुण्याकडे राहणाऱ्या मुलाबाळांच्या घरी गॅस नळाने येतो; तेथे मीटर व नळीला घरमालकाने हात लावू नये, वितरण कंपनीस कळवावे. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे.

गॅस कोणताही असो, वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये; दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेरील मुख्य तोटी बंद करावी आणि माणसांनी प्रथम घराबाहेर यावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते शेतकऱ्यांच्या घरी या ना त्या निमित्ताने जातच असतात. ज्या घरी संयंत्र आहे किंवा पूर्वी होते, तेथे त्यांनी चार प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा. स्वयंपाकघर पूर्वी कोठे होते? दिव्याची किंवा इंजिनाची नळी होती काय? ती संयंत्रापाशी तोडली आहे की नुसती तोटी बंद आहे? जुन्या स्वयंपाकघरात आता कोण झोपते? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर देतानाच घरातील माणसांना पहिल्या तिन्हींचे महत्त्व कळून येते.

एखाद्या घरी नळीचे काम चालू असेल, तर शेजारच्या चार घरच्या मंडळींना बोलावून साबणाच्या फेसाची व पाण्याच्या तांब्याची परीक्षा प्रत्यक्ष दाखवावी. बायकांना अवश्य बोलवावे. शेगडीशी नित्याचा संबंध त्यांचा आहे आणि गॅस कमी पडू लागल्याचे प्रथम त्यांनाच कळते. शंभर वेळा सांगून जे पटत नाही, ते तांब्यातील एका बुडबुड्याने पटते.

नवे घर बांधताना शेतकरी पायापासून स्लॅबपर्यंत पैसा ओततो. जुन्या नळीच्या बंदोबस्ताला लागते ते आट्यांचे एक बूच, दोन टोप्या, साबणाचा तुकडा आणि कारागिराचा अर्धा दिवस. एवढा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही. ज्या दिवशी नव्या ओट्यावर पहिला चहा उकळेल, त्याच दिवशी जुन्या नळीचा संयंत्राशी असलेला संबंध तुटलेला असावा. मग जुन्या स्वयंपाकघरात अभ्यास करून तेथेच निजणाऱ्या मुलांची काळजी उरणार नाही.